गव्हात ठेवलेली फ्लॉपी

बनुबाईच्या घरचं विरजण गल्लीतल्या अकरा घरांत जायचं, पण त्या अकरा घरांतून एकदाही उलटं आलेलं नव्हतं. पलूसजवळच्या या वाडीत ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं दह्याचं गाडगं हातात दिलं होतं. तेच दही रोजचं रोज लागत लागत आजवर आलेलं. उन्हाळ्यात कुणाचं नासलं, कुणाच्या दुधात मांजरानं तोंड घातलं, की बायका पदराखाली वाटी धरून दारात उभ्या राहायच्या.

"नासलं ओ मामी. तेवढं द्या की."

"दुधावर झाकण ठेवाया काय सरकार येणार हाय व्हय?" बनुबाई म्हणायची, आणि दोन बोल ऐकवून झाले की वाटीभर द्यायची. स्वतः मात्र ती कधी कुणाच्या दारात वाटी घेऊन गेली नव्हती.

तिच्या ठेवणीलाही गावात असाच मान. चैत्रात गहू कडक वाळवायचा, दोन्ही तळव्यांना एरंडेल लावून मूठमूठ चोळायचा, आणि कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायचा. त्या गव्हाच्या पोटात काय नसायचं! तिची बोरमाळ, जमिनीचे उतारे, लष्करात असलेल्या नाथाजीची, तिच्या मुलाची, कागदपत्रं. सगळं फडक्यात बांधून कोपरापर्यंत हात घालून ठेवलेलं. पुराच्या सालात शेजारच्यांच्या ट्रंका वाहून गेल्या, पण बनुबाईच्या कोठीतली बोरमाळ होती तिथंच होती. तिच्या हातनं ठेवलेलं काही हरवलं किंवा नासलं, असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

नव्व्याण्णव साली या घरात कॉम्प्युटर आला. म्हणजे कॉम्प्युटर आला नाहीच, त्याच्या गोष्टी आल्या. नाथाजीची थोरली, शिवांजली, बारावी होऊन सांगलीला कॉम्प्युटरच्या वर्गाला जायला लागली. सकाळच्या एसटीनं जायची, दुपारी परत यायची, आणि जेवताना हवेत बोटं नाचवायची. बनुबाईला आधी वाटलं पोरीला वारं लागलं. मग कळलं की ती ताटावर टायपिंग करते.

वर्गात कृष्णात सर म्हणून एक शिकवणारे होते. त्यांनी पोरांच्या जोड्या लावून दिल्या आणि सांगितलं, पहिलीच्या मुलांना शिकवता येईल असा एक धडा कॉम्प्युटरवर करा. शिवांजलीची जोडी लागली आम्रपालीशी. ही पाटणची पोरगी, सांगलीत मावशीकडं राहायची, आणि तिची वेळ दुपारची. शिवांजली सकाळी जे करून ठेवी ते आम्रपाली दुपारी पुढं नेई. दोघींची गाठ आठवड्यातून एकदा पडली तर पडली, पण कामाची गाठ रोज पडायची.

"कोण कुणाला नेऊन देतं गं ते?" बनुबाईनं विचारलं होतं.

"कुणी न्हाई. आमची एक पेटी हाय, आज्जे. टपालाच्या पेटीगत. ती आम्रपालीनं उघडलीया. मी त्यात टाकते, ती काढती. ती टाकती, मी काढते."

"पेटी सांगलीला हाय?"

"न्हाई."

"मग पाटणला?"

"तिथंबी न्हाई. लांब कुठंतरी मोठाली मशिनं असत्यात, त्यात असती. पन कुठूनबी उघडता येती. सांगलीतनं, कराडातनं, साताऱ्यातनं. नाव आन कुलपाचा शब्द ठाऊक पायजे, बास." शिवांजलीनं वही उघडून दाखवली. सरांनी फळ्यावर काढलं होतं तसं तिनं उतरवून घेतलं होतं: इकडं एक चौकोन, तिकडं एक चौकोन, आणि मधे ढगासारखं काहीतरी फुगीर.

बनुबाईनं ते चित्र लांब धरून पाहिलं. "म्हंजे आपलं काम दुसऱ्याच्या घरात ठिवायचं, आन ते घर कुठं हाय त्येचा पत्ता न्हाई. शहाणीच हाईस." ती म्हणाली खरी, पण तो ढग काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. भाकरी थापताना तव्यावर दिसे, गोठ्यात धार काढताना फेसात दिसे. दार नाही, उंबरा नाही, आणि आत पोरींची कामं एकावर एक रचून ठेवलेली.

आम्रपाली एकदाच घरी आली होती, माघात. काळीसावळी, लांब बोटांची, कमी बोलणारी. "मी पाटणच्या पारूबाईची नात," तिनं हसून सांगितलं. तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर बुद्धाचं चित्र चिकटवलेलं होतं. बनुबाईला अक्षरं वाचायला वेळ लागायचा, पण हे वाचायला लागला नाही. "असंल कुनीतरी पारूबाई," ती म्हणाली, आणि चहा द्यायला सुनेला खुणेनं गोठ्याजवळचा कोनाडा दाखवला. तिथं एक कप वेगळा असायचा. कान तुटलेला. सून घुटमळली. शिवांजली लाल झाली, पण आजीपुढं तिची जीभ उचलली नाही. आम्रपालीनं तो कप दोन्ही तळव्यांत धरून चहा प्यायला, स्वतःच विसळला, आणि कोनाड्यात पालथा घालायच्या आधी त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. पोरगी कपाकडं एवढं काय बघते, असं बनुबाईला वाटलं होतं. मग ती ते विसरली. म्हणजे विसरली असं तिला वाटलं.

वैशाखात साताऱ्याला प्रदर्शन ठरलं. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांतल्या वर्गांची पोरं आपापले धडे घेऊन येणार. ज्यांचं काम निवडलं जाईल त्यांना सांगलीत तीन वर्षांच्या पुढच्या शिक्षणाला जागा. इकडं शिरवळच्या कारखान्यातल्या एका मुलाचं स्थळ शिवांजलीला सांगून आलेलं, आणि नाथाजीचं पत्र आलेलं की आई म्हणेल तसं करा. आईनं, म्हणजे बनुबाईनं, सांगितलं, "साताऱ्यातनं नाव काढून आलीस तर तीन वर्सं शिरवळचं नाव या घरात कुनी काढणार न्हाई. न्हाई आलीस तर जेष्ठात मांडव." पोरीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत त्या दिवसापासून झोप नव्हती.

आम्रपालीच्या थोरल्या बहिणीचं लग्न नेमकं त्याच रविवारी निघालं. तयारीसाठी ती आधीच पाटणला गेली होती, आणि कराडात एका दुकानात कॉम्प्युटरवर बसून आपला वाटा पेटीत टाकत होती. शेवटच्या मंगळवारी शिवांजलीनं सांगलीत बसून सगळं पेटीतून काढलं, एका फ्लॉपीत भरलं आणि घरी आणलं. काळी, चौकोनी, तळहाताएवढी वस्तू. तिच्यात म्हणे तीन महिन्यांचं काम.

शुक्रवारी बनुबाईला ती खिडकीच्या फळीवर दिसली. बाहेर उसाची वाहनं धुरळा उडवत चाललेली, आणि पोरीचं नशीब असं उघड्यावर पडलेलं. "अक्कल हाय का या पोरीला," ती पुटपुटली. फडक्यात नीट गुंडाळलं, कोठीचं झाकण काढलं, आणि कोपरापर्यंत हात घालून फ्लॉपी बोरमाळेच्या शेजारी ठेवून दिली. नव्या गव्हाचा वास आला. हाताला मऊ तेल लागलं. आता बाई निश्चिंत झाली. शिवांजलीला तिनं सांगितलं, "तुझी ती पाटी मी ठिवलीया. रविवारी पहाटं मागून घे." पोरीनं ऐकून सुटकेचा श्वास टाकला. आजीनं ठेवलं म्हणजे ठेवलं.

शनिवारी दुपारी गोठ्यापुढच्या चिंचेखाली बनुबाईचा डोळा लागला. ऊन पांढरं झालं होतं, म्हशी रवंथ करत होत्या, आणि पानांतून उजेडाचे कवडसे तिच्या अंगावर हलत होते. तिला दिसलं की ती वहीतल्या त्या ढगापाशी उभी आहे. पिंजलेल्या कापसासारखा मऊ, आणि आतून दूध उकळल्यासारखा आवाज. तिच्या हातात रिकामी वाटी होती. ती दार शोधत फिरत होती आणि दार काही सापडत नव्हतं. आतून कपबशीचा किणकिणाट येत होता. कुणीतरी आत हसलं. "कोन हाय?" तिनं विचारलं. आतून उलट विचारलं, "तुमी कोन?" आणि तिला तिचं नावच आठवेना. जागी झाली तेव्हा तोंडाला कोरड पडली होती.

रविवारी पहाटे तिनं कोठीतून पुडकं काढलं. फडकं सोडलं आणि तिचा हात थबकला. एरंडेल फडक्यातून आत उतरलं होतं. काळ्या चौकोनावर, त्या लोखंडी पट्टीखाली, तुकतुकीत ओल होती, तिला गव्हाचा कोंडा चिकटलेला. तिनं पदरानं पुसलं. पुन्हा पुसलं. तेलच ते, बोरमाळेला लागतं, कागदाला लागतं, त्यांचं काय वाईट झालं कधी? असं मनाशी म्हणून तिनं फ्लॉपी डबीत घातली आणि नातीच्या हाती दिली. तेलाचं नाव काढलं नाही.

"मी बी येते साताऱ्याला," एवढंच म्हणाली.

एसटीत ती खिडकीशी बसली. डाव्या अंगाला कृष्णा होती, पात्रात वाळू आणि वाळूत बारीक निळी धार. कराडच्या पुढं डोंगर उन्हाच्या धुरात तरंगत होते, मुळं नसल्यासारखे. शिवांजली डबी मांडीवर घेऊन बसली होती आणि बोटांनी डबीवर टायपिंग करत होती. बनुबाईच्या नाकातून एरंडेलाचा वास जाईना. आपल्या हाताचाच असेल, तिनं हात खिडकीबाहेर धरला.

साताऱ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, टेबलांवर कॉम्प्युटर, आणि खिडकीतून अजिंक्यतारा आत डोकावत होता. एका कॉम्प्युटरला फोनची तार जोडलेली होती, ती बघायला पोरांची झुंबड. तपासणारे तिघं टेबलामागून टेबल फिरत होते. शिवांजलीचं टेबल शेवटचं.

तिनं फ्लॉपी आत सरकवली. मशीन घर्रर्र करून थांबलं, पुन्हा घर्रर्र केलं, जसं म्हातारं माणूस घसा खाकरून बोलायला बघतं आणि बोलणं येत नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. शिवांजलीनं परत घातली. परत तीच ओळ. कृष्णात सर आले. त्यांनी फ्लॉपी बाहेर काढली, पट्टी सरकवून पाहिली, नाकाशी धरली.

"हिला एरंडेल कुणी पाजलं?"

आसपासची पोरं फिदीफिदी हसली. शिवांजलीनं आजीकडं पाहिलं. एकदाच. मग तिनं मान खाली घातली. "माझ्या हातनं सांडलं, सर. देवाच्या दिव्याचं तेल होतं. मी बघितलं न्हाई."

बनुबाईला कळलं. पोरगी तिला झाकत होती. तीन महिन्यांचं काम गेलं, शिरवळचा मांडव समोर उभा राहिला, आणि ही आजीची अब्रू पदराखाली घेऊन उभी. चाळीस वर्षांत कुणी तिला असं झाकलं नव्हतं. कुणाला झाकावं लागेल असं तिनं काही केलंच नव्हतं.

"पोरगी खोटं बोलतीया," ती मोठ्यानं म्हणाली. हसणारी पोरं गप्प झाली. "मी ठिवली गव्हात. मला कुनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं."

सरांनी फ्लॉपी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मावशी, काम गेलेलं नाही. ते त्यांच्या पेटीत आहे. शिवांजली, त्या तारेच्या कॉम्प्युटरवर बस, पेटी उघड."

"शब्द मला ठाऊक न्हाई, सर. कराडच्या दुकानात कुनीतरी मागनं बघत होतं म्हणून आम्रपालीनं या बुधवारी बदलला. भेटलो की सांगते असा निरोप धाडला. फ्लॉपी होतीच, म्हणून मी बी विचारला न्हाई."

"मग फोन कर."

"तिच्या घराशेजारच्या दुकानाचा नंबर हाय. पन आता तपासनीस आले आन मी टेबलावर नसले तर?"

"तू बस हितं," बनुबाई म्हणाली. "नंबर दे. मी करते."

"आज्जे, तू?"

"आकडे येत्यात मला. दुसरीपत्तोर गेलीया शाळंत."

रस्त्याच्या पलीकडं एसटीडीचं पिवळं खोपटं होतं. आत काचेची पेटी. बनुबाई त्यात शिरली आणि तिला वाटलं, सपनातल्या ढगाचं दार हेच असावं. बाहेरचा रस्ता काचेपलीकडं आवाजाविना हलत होता. तिनं आकडे एकेक करून दाबले. लांब कुठंतरी घंटी वाजली. मग कुणीतरी फोन उचलला, आणि आधी सनईची कॅसेट ऐकू आली, पोरांचा गलका, भांड्यांचा आवाज.

"कोन?" म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"पाटणच्या पारूबाईंच्या घरी निरोप द्यायचा हाय."

"पारूबाईच बोलती. दुकानदार पंगतीत वाढतोय आन मी सावलीला बसलीया. कोन तुमी?"

बनुबाईनं पदर सारखा केला, कुणी बघत नसताना. "मी पलूसकडची बनुबाई. शिवांजलीची आजी."

पलीकडं सनई वाजत राहिली.

"असं व्हय," पारूबाई सावकाश म्हणाली. "त्या बिनकानाच्या कपाच्या."

बनुबाईला लोक नाथाजीची आई म्हणायचे, विरजणाची मामी म्हणायचे, माघारी तिखट जिभेची म्हणायचे. कपावरून तिला कुणी ओळखलं नव्हतं. तोंडावर आलेलं खरमरीत उत्तर तिनं गिळलं.

"व्हय," ती म्हणाली. "त्याच."

"काय पायजे?"

"पायजे तर हायच. न्हाईतर तुमच्या मांडवात फोन कशाला केला असता?"

"मागायला आलायसा आन तोंड हे!" पारूबाई हसली, खोकली, पुन्हा हसली. "बरं हाय. माझंबी असंच हाय. पन मागताना नीट मागावं, बाई."

काचेवर बनुबाईला स्वतःचं तोंड दिसत होतं, पुसट, आणि त्याच्या आरपार रस्ता. तिनं डोळे मिटले.

"माझ्या हातनं पोरीचं काम नासलं," ती म्हणाली. "तुमच्या आम्रपालीकडं ते हाय. तेवढं द्या."

म्हटल्यावर तिच्या ध्यानात आलं. वाटी घेऊन दारात येणाऱ्या बायका हेच म्हणायच्या. शब्दाला शब्द.

"नासलं कशानं?"

"एरंडेलानं. गव्हात ठिवलं हुतं."

"आगं बाई. मी बी माझी कानातली फुलं तांदळात ठिवते."

"तांदळात टोके हुत्यात."

"पाला घालते की मी."

"कडुलिंबाचा?"

"मग काय, उसाचा?" पारूबाई फोनपासून तोंड वळवून ओरडली, "आमे! ए आमे! तुझ्या मैत्रिणीची आज्जी हाय. लय घाईत हाय."

आम्रपाली पळत आली, तिला धाप लागली होती. बनुबाईनं चार वाक्यांत सांगितलं. पोरगी मधे काही बोलली नाही. कपाचं नाही, कशाचंच नाही.

"शब्द सांगते आजी. ध्यानात राहील न्हवं?"

"माझ्या ध्यानात सगळ्या गल्लीची बाळंतपणं हायत. सांग."

"पारूबाई. इंग्रजीत, सगळी बारकी अक्षरं, सलग."

"माझं नाव कुठं दिलंस गं?" मागून म्हातारी.

"कुलपाला दिलंय, आज्जे!" आणि मग फोनमध्ये, "आन आजी, काम उघडलं की अक्षरं वेडीवाकडी दिसतील. शिवीला म्हणावं, घाबरू नको. अक्षरांचा साचाबी पेटीतच ठिवलाय. तो आधी घाल."

बनुबाई खोपट्यातून बाहेर पडली. उन्हानं डोळे दिपले. साताऱ्याचा रस्ता, रिक्षा, कंदी पेढ्यांची दुकानं, आणि त्यातून बासष्ट वर्षांची बाई नऊवारीचा काष्टा सावरत चाललेली, तोंडानं एकच घोकत. पारूबाई आन साचा. पारूबाई आन साचा. सायकलवाल्यानं घंटी दिली तरी ती थांबली नाही. नाव तोंडातून सांडेल म्हणून तिनं ओठ मिटून घेतले, आणि नाव आत, दातांमागं, गरम गुळासारखं धरून ठेवलं. जिन्यापाशी पोहोचली तेव्हा तिला असं वाटलं की हे नाव आपण फार वर्षांपासून घेतो आहोत.

"सांग," शिवांजली म्हणाली. ती तारेच्या कॉम्प्युटरवर बसली होती. तारेला जोडलेलं खोकं किर्रर्र करून शांत झालं होतं. तपासणारे दोन टेबलांच्या अंतरावर आले होते.

"पारूबाई," बनुबाई म्हणाली. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "बारकी अक्षरं. सलग."

पोरीनं सात वेळा बोट आपटलं. पडद्यावर नाव दिसलंच नाही. नावाच्या जागी सात चांदण्या उगवल्या. बनुबाई बघत राहिली. तिच्या वाडीत अंगणात बाज टाकली की दिसतात त्या सप्तर्षींएवढ्याच, सात. मग चांदण्या गेल्या आणि पेटी उघडली.

काम सावकाश आलं. वरून खाली, ओळीमागून ओळ, भिंतीवर ओल उतरावी तसं. आधी अक्षरं आली ती चिखलात चिमण्या नाचल्यागत. "साचा," बनुबाई म्हणाली. "साचाबी पेटीतच हाय. तो आधी." शिवांजलीनं तो काढून घातला, आणि चिमण्या एकेक करून अक्षरं होऊन बसल्या. *दाणा झोपला आहे. त्याला जागं कर.* ठिपक्या ठिपक्यांनी काढलेला जोंधळ्याचा दाणा.

तपासणारे आले. त्यांत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी दाण्यावर बाण नेऊन बटण दाबलं. दाणा हलला. त्यातून पांढरं मूळ निघालं. पुन्हा दाबलं, दाण्याखाली माती आली. पुन्हा दाबलं, मातीभोवती एक कप आला, कपातून हिरवा कोंब वर आला, आणि त्यावर लिहिलं होतं, *आता तुझ्या शेजाऱ्याला दाखव.*

"छान," बाई म्हणाल्या. "कुठं बसून केलंत हे?"

"मी सांगलीत, बाई. आम्रपालीनं कराडात. आता हितं उघडलं."

"चित्रं कुणाची?"

"आम्रपालीची."

"हा कप मात्र अर्धा राहिलाय. कान काढायचा विसरली का?"

शिवांजली कीबोर्ड सारखा करायला लागली. ती आजीकडं बघेना.

"विसरली न्हाई," बनुबाई म्हणाली. "तो कप तसाच हाय. माझ्या घरात हाय."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, काहीतरी लिहिलं, आणि पुढं गेल्या.

दोनच्या सुमाराला नावं वाचली. सहा जोड्या निवडल्या होत्या. पाचवं नाव, शिवांजली आणि आम्रपाली. शिवांजली तिथंच खाली बसली आणि रडली.

"पाचवं?" बनुबाई म्हणाली. "वरल्या चौघांनी काय सोनं पेरलंय व्हय?" पण तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. "शिरवळच्यांना मी कळवते. तीन वर्सं थांबायचं तर थांबा म्हणावं, न्हाईतर दुसरं दार बघा."

कराडच्या स्टँडवर पलूसची गाडी लागलेली होती. शिवांजली चढायला लागली. बनुबाईनं तिचा हात धरला आणि शेजारच्या फलाटाकडं ओढलं. तिथल्या गाडीवर पाटण लिहिलं होतं. तेवढं तिला वाचता आलं.

"आज्जे, घरी वाट बघतील."

"बघू देत. मांडव उतरायच्या आत पोचायचंय."

गाडी कोयनेच्या कडेकडेनं निघाली. ऊन कलत होतं. डोंगरांच्या खांद्यांवर वळवाचे पांढरे ढग येऊन बसले होते, एकमेकांना टेकून, आणि खालच्या घरांमधून चुलींचा धूर सरळ त्यांच्याकडं चढत होता. बनुबाईला पेंग येत होती. प्रत्येक धुराच्या टोकाला तिला एकेक गाठोडं दिसत होतं, वर सरकवून ठेवलेलं, आणि ते कुणाचं आहे ते फक्त खाली चुलीपाशी बसलेल्या बाईला ठाऊक.

पाटणला पंगती उठल्या होत्या. मांडवात पोरं फुगे फोडत होती. निळ्या झेंड्याच्या खांबाला टेकून एक हडकुळी म्हातारी बसली होती, पाय पसरून. आम्रपाली धावत येऊन शिवांजलीच्या गळ्यात पडली, तशी म्हातारीनं बनुबाईला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

"आलाच व्हय," पारूबाई म्हणाली. "बसा. चहा टाक गं आमे."

चहा आला. पांढऱ्या कपात, बशीसकट, कान असलेला. बनुबाईनं तो कानाला धरला नाही. दोन्ही तळव्यांत धरला, आणि गरम लागत होता तरी तसाच प्यायली. पारूबाई बघत होती.

"विरजण हाय का घरात?" बनुबाईनं विचारलं.

"तुमचंबी नासलं व्हय?"

"न्हाई. माझं झक्कास हाय. पन एकाच घरात किती दिवस ठिवायचं? तुमचं थोडं न्यावं म्हणते. आमीबी देऊ धाडून आमचं."

पारूबाई उठली. गुडघे धरत आत गेली, आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळेचा छोटा डबा होता, वर ओलं फडकं बांधलेला.

"गाडीत हलवू नका," ती म्हणाली. "आन गव्हात ठिवू नका म्हंजे झालं."

परतीच्या गाडीत दोघी मागच्या बाकावर बसल्या. शिवांजली आजीच्या खांद्यावर झोपली होती, बोटं आता गप्प. डोंगरांवरचे ढग तांबूस होऊन विरत चालले होते. खड्डा आला की बनुबाई डबा मांडीवरून जरा वर उचलून धरायची, आणि गाडी सरळ झाली की परत सावकाश खाली ठेवायची.